हसवायचं असेल, तर आधी हरू द्या: विनोदी रोलप्लेइंग गेम्सची गोष्ट

आजचा प्रश्न ऐकायला एकदम सोपा आहे. गेम विनोदी कसा करायचा? कार्डांवर जोक छापून? दोनदा वाचला की जोक शिळा होतो. मग तोच गेम पन्नासाव्या वेळीही हसवेल, हे कसं जमवायचं? १९८० च्या दशकात काही अमेरिकन डिझायनर या प्रश्नाला भिडले, आणि उत्तर त्यांना सिनेमात सापडलं.

आधी नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून जो खेळतात ना, तो टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण, म्हणजे गेम मास्टर, प्रसंग सांगतो. बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि हा प्रकार रुजला.

आता गंमत बघा. हा गेम जन्मला वॉरगेममधून, म्हणजे टेबलावर छोटी सैन्यं मांडून खेळायच्या लढायांमधून. त्यामुळे इथे हरणं म्हणजे थेट मरणं. हिट पॉइंट संपले, पात्र गेलं. मग खेळणारे काय करतात? जपून खेळतात. समोरची फरशी दहा फुटी काठीने ठोकून बघतात आणि मगच पाऊल टाकतात. अशा माणसाला कितीही सांगा, ‘अरे, जरा वेडेपणा कर’, तो करणार नाही. कारण वेडेपणाची किंमत त्याला परवडत नाही.

ही किंमतच काढून टाकली तर? १९८४ मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने ‘टून’ काढला. डिझायनर ग्रेग कॉस्टिक्यान आणि वॉरन स्पेक्टर. विषय होता जुन्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे ती कार्टून्स. डोक्यावर ऐरण पडते, पात्र पापडासारखं चपटं होतं आणि पुढच्या सीनला ठणठणीत! ‘टून’मध्ये हिट पॉइंट संपले तर तुम्ही मरत नाही, नुसते ‘पडता’. तीन मिनिटं बाजूला बसायचं आणि परत यायचं. बस.

माझा आवडता नियम मात्र वेगळा आहे. कार्टूनमधलं पात्र कड्याच्या पुढे हवेत धावत जातं आणि खाली बघितल्यावरच पडतं, आठवतंय? ‘टून’मध्ये अशी अशक्य गोष्ट करायची असेल तर हुशारीच्या चाचणीत नापास व्हावं लागतं! फासे टाकायचे आणि मनात म्हणायचं, देवा, नापास कर. खाली जमीन नाही हे ज्याला कळलं, तो पडला. म्हणजे पुस्तकात जोक एकही छापला नसता, तरी हा नियम दर वेळी नवा जोक तयार करतो.

दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, वेस्ट एंड गेम्सचा ‘घोस्टबस्टर्स’ आला. सिनेमा १९८४ चा. गेम बनवला केऑसियमच्या सँडी पीटरसन, लिन विलिस आणि ग्रेग स्टॅफर्ड यांनी. हे पीटरसन म्हणजे १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’चे कर्ते. त्या भयकथेच्या गेममध्ये राक्षस बघून पात्रांचं मानसिक संतुलन ढळत जातं. लोकांना घाबरवण्यात मुरलेला माणूस इथे हसवायला बसला होता.

त्यांनी काय केलं? जेवढा गुण, तेवढे फासे एकदम टाकायचे. पण त्यातल्या एका फाशावर सहाच्या जागी भुताचं चित्र! भूत आलं की काहीतरी बिनसणार, काम जमलं असलं तरीही. सिनेमातला हॉटेलचा सीन आठवा. भूत पकडलं, पण हॉलची पार वाट लागली. भुताचा फासा नेमका तोच सीन परत परत घडवतो. जिंकलात, पण बिल मोठं आलंय.

या ‘टाइमपास’ गेमचं पुढे काय झालं माहितेय? १९८७ मध्ये त्याच कंपनीने ‘स्टार वॉर्स’चा रोलप्लेइंग गेम काढला आणि मूठभर फासे टाकायची पद्धत तिथेच पुढे नेली. डिझायनर पुन्हा कॉस्टिक्यान. १९९१ ची ‘एअर टु द एम्पायर’ ही कादंबरी लिहिताना लेखक टिमथी झान यांना संदर्भ म्हणून याच गेमची पुस्तकं देण्यात आली होती. म्हणून विनोदी गेम म्हणजे इतिहासाची तळटीप, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

आता २००९. बुली पल्पिट गेम्सचे जेसन मॉर्निंगस्टार ‘फियास्को’ घेऊन आले. प्रेरणा कोएन बंधूंचे ‘ब्लड सिंपल’, ‘फार्गो’, ‘बर्न आफ्टर रीडिंग’ असे सिनेमे. म्हणजे साधी माणसं, मोठी हाव आणि हुकलेला डाव. यात गेम मास्टरच नाही. सुरुवातीला फासे टाकून नाती, गरजा, ठिकाणं आणि वस्तू ठरतात. सीन तुम्ही मांडलात, तर त्याचा शेवट बरा की वाईट ते बाकीचे ठरवतात. मध्यावर ‘टिल्ट’ येतो आणि सगळं विस्कटतं. इथे आपलं पात्र वाचवायला कुणी धडपडत नाही. ते किती भारी बुडतंय, याचीच मजा. २०११ मध्ये या गेमला डायना जोन्स पुरस्कार मिळाला.

आणि २०१७ मध्ये ग्रँट हॉविट यांनी दरोड्याच्या सिनेमांचा अख्खा ढाचा एका पानात बसवला. ‘हनी हाइस्ट’! तुम्ही अस्वल आहात आणि मध चोरायचाय. गुण फक्त दोन: अस्वल आणि गुन्हेगार. बेत फसला की अस्वलपणा वाढतो, जमला की गुन्हेगारी. कुठलाही एक आकडा सहावर गेला की तुमच्या पात्राचा खेळ खलास.

हे चारही गेम शेजारी ठेवले की मला एकच धागा दिसतो. सिनेमातले कपडे आणि डायलॉग उचलणं सोपं आहे. या मंडळींनी विचारलं, ‘या प्रकारच्या सिनेमात माणसं फसतात कशी?’ कार्टूनमध्ये पडून उठतात. घोस्टबस्टर्स जिंकतात, पण तोडफोड करून. कोएनच्या सिनेमात स्वतःच खणलेल्या खड्ड्यात जातात. त्या फसण्याचाच नियम केला आणि हसू आपोआप आलं.

मला हे महत्त्वाचं वाटतं ते टेबलावर गप्प बसणाऱ्या मित्रामुळे. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. ‘मी नुसता बघतो, तुम्ही खेळा.’ त्याला खेळ येत नाही असं नाही, त्याला सगळ्यांसमोर चुकायची धास्ती असते. जिथे चुकल्यावरच गोष्ट रंगते, तिथे तोही तोंड उघडतो. तुम्ही जोक कितीही चांगले लिहा, त्याला ही मोकळीक नियमच देऊ शकतो.

तर आता तुमची पाळी. आवडता सिनेमाप्रकार घ्या आणि त्यात माणसं कशी फसतात ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य म्हणजे तुमच्या गेमचा पहिला नियम. मग दोन फासे घ्या आणि खेळून बघा. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, खेळत राहा!