चाई : पीआरपी उपचार

चाई : डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडून केस जाण्याचा विकार. वैद्यकात ॲलोपेशिया एरियाटा, आयुर्वेदात इंद्रलुप्त. ‘केसांना किडा लागला’ असे लोक म्हणतात, पण किडा नसतो. शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी केसाच्या मुळावर चालून जातात. म्हणून फणीने, उशीने किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात एकमेकांचे हेल्मेट घातल्याने चाई लागत नाही. चट्टा दिसला म्हणून सोबत्याला दूर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. (लहान मुलांच्या डोक्यातले गजकर्ण मात्र पसरते आणि चाईसारखे दिसू शकते, ते डॉक्टरांनीच ओळखावे.) चाईत केसाचे मूळ मरत नाही. एखाद-दुसरा चट्टा असेल तर पुष्कळांचे केस वर्षभरात आपोआप येतात.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी माहीत झाला आहे. रुग्णाचेच साधारण 10 ते 20 मिलिलिटर रक्त, ते गोठू नये असे द्रावण घालून, यंत्रात गरगर फिरवतात. फौंड्रीत वितळलेल्या लोखंडावर हलका स्लॅग तरंगतो, तशा जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि पिवळसर रक्तद्रव वर राहतो. त्यातला प्लेटलेटचा दाट भाग बारीक सुईने चट्ट्यात टोचतात. निरोगी रक्तात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. या द्रवात त्याच्या काही पट. त्यांतून सुटणारे वाढघटक मुळाला पुन्हा वाढीच्या अवस्थेत आणतात आणि तिथला दाह कमी करतात, असे मानले जाते.

पुरावा आशादायक आहे, पण तोकडा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 45 रुग्णांच्या डोक्याच्या अर्ध्याच भागावर, महिन्याच्या अंतराने तीनदा, उपचार केले. तिथे पीआरपी स्टेरॉईडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले. नंतरच्या काही तुलनांत मात्र स्टेरॉईडच वरचढ निघाले. रक्त किती वेगाने, किती वेळा फिरवायचे याची पद्धत दवाखान्यागणिक वेगळी, त्यामुळे निकाल एकमेकांशी ताडून पाहणेही कठीण. थोडे चट्टे असलेल्या मोठ्या माणसात स्टेरॉईडचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. तो लागू पडला नाही किंवा सोसला नाही, तर पीआरपीचा विचार करणे योग्य. डोके पूर्ण उघडे पडले असेल तर पीआरपीवर विसंबू नये. अशा तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत 2022 साली मान्यता मिळाली. ती प्रतिकारक पेशींचे संदेशच अडवते.

सुश्रुतसंहितेतही इंद्रलुप्तावर आधी डोक्याचे रक्त काढून मग लेप सांगितला आहे. रक्त काढून टाकणे आणि रक्तातला अंश परत टोचणे या गोष्टी वेगळ्या, तरी त्वचेला टोचून केस जागे करण्याचा विचार जुना आहे.

बेळगावात 1963 पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. उद्यमबागेतल्या कामगाराने आगाऊ पैसे भरून पाच-सहा बैठकांचे पॅकेज घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान पक्के करून घ्यावे. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा टाळूला जंतुसंसर्ग असेल, तर ते आधीच सांगावे. सुई आणि नळी आपल्यासमोर नवी फोडायला लावावी. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एका स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी घेतलेल्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे 2018 पासूनच्या तपासात आढळले होते.