बांगडीची निशाणी



मागच्या वर्षी आमच्या कळंबच्या गटातल्या एका ताईंनी सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीतला एक कागद बैठकीत आणला. घड्यांवर फाटलेला, कडा खाल्लेल्या. आम्हां चौदा जणींपैकी एकीलाही त्यातलं अक्षर लागेना. ताई आधी एकाला पैसे देऊन दाखवून आल्या होत्या. त्यानं "जमिनीचं जुनं काहीतरी आहे" एवढं सांगून कागद परत दिला. जुनं आहे हे आम्हांला न वाचताही दिसत होतं! कागद मोडीत होता. त्याच बैठकीत ठरलं, आपणच मोडी शिकायची.

मोडी ही काही परकी भाषा नाही. भाषा आपली मराठीच, फक्त अक्षरं मोडून, वळवून, हात फारसा न उचलता लिहिलेली. आज आपण लिहितो त्या लिपीला जुने लोक बाळबोध म्हणत. मोडी यादवांचा मंत्री हेमाद्री यानं लंकेहून आणली असं सांगतात, पण ती गोष्टच समजावी. खरं एवढं की शिवकाळात, पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलातही गावचा कारभार आणि सावकाराची खतं मोडीत चालली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत ती शाळेतून गेली आणि घरातला कागद घरच्यांनाच परका झाला. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत साऱ्या राज्याला कळली.

आम्हांला एक निवृत्त गुरुजी मिळाले. पहिल्या दिवशी त्यांनी पेनं पिशवीत टाकायला लावली आणि हातात बोरूची काडी दिली. चाकूनं ती तिरकी तासायची, टोक छाटायचं आणि मधोमध बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई धरून राहते. रोज विळीवर भाजी चिरणाऱ्या आम्ही, पण तिघींनी बोटं कापून घेतली. पूर्वी शाई काजळ आणि डिंकाची करत. आम्ही दुकानातून आणली. पानभर आडवी रेघ आधी ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर लुगडी वाळत घालावीत तशी. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी छड्या खाल्लेल्या आमच्यातल्या काही जणींना ही लिपी तिथेच आवडली.

मोठ्या वयात शिकताना आपलाच हात आडवा येतो. लेकराचा हात कोरा असतो. आपला हात खुरप्याचा आणि लाटण्याचा, तो बोरूही दाबूनच धरतो. टोक फाकतं, शाईचा डाग पडतो. पूर्वी मुलं आधी धूळपाटीवर बोटानं गिरवत. तेच आम्ही परातीत रांगोळी पसरून केलं, आणि एक गंमत कळली. ज्यांचा हात ठिपक्यांच्या रांगोळीत बसलेला, त्यांना मोडी लवकर साधली. शाळा जास्त शिकलेल्या आम्ही काही जणी मागे राहिलो.

गुरुजींनी एकदा चीनची गोष्ट सांगितली. तिथे अक्षरं कुंचल्यानं लिहीत. कुंचला उभा धरायचा, शाईची वडी दगडावर पाणी घालून उगाळायची, आपण गंध उगाळतो तशी. खेड्यातल्या बायकांना हे शिक्षण सहसा मिळत नसे. हूनान प्रांतात च्यांगयोंग म्हणून भाग आहे. तिथल्या बायकांनी आपली वेगळी लिपी चालवली, 'नूशू', म्हणजे बायकांचं लिखाण. ती एकीकडून दुसरीकडे जायची. मैत्रिणीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी तिला हातानं लिहिलेली वही पाठवायची. ही लिपी जुन्या रीतीनं शिकलेल्या शेवटच्या बाई म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या यांग ह्वानयी 2004 साली वारल्या.

आपल्याकडे बायकांची अशी लिपी नव्हती. ओव्या होत्या, पण त्या तोंडी. बाईचं नाव मात्र फार जुनं सापडतं. आपल्या जुन्नरच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. पण ती राणी होती. तुमच्या-आमच्यासारखी बाई मोडी कागदात सापडते ती 'कोम' या शब्दाला चिकटून. कोम म्हणजे अमक्याची बायको. पुरुषाला 'बिन', अमक्याचा मुलगा. लिहिता येत नसेल तर खाली निशाणी काढायची. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. वरचा मजकूर लिहिणारा वेगळाच असायचा, आणि त्यात काय लिहिलंय हे निशाणी करणाऱ्याला तो सांगेल तेवढंच कळायचं.

ही निशाणी किती महाग पडे ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच घडलं. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. ते काढून घेतले आणि जाळले. सरकारनं चौकशी केली आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा आणला. शेतकऱ्याचा दस्त सरकारनं नेमलेल्या गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, असं त्यात आलं. सरकारलाही कळलं होतं की भांडण नुसतं व्याजाचं नाही, लिखाणाचंही आहे. आम्हांला मात्र वाटतं, निबंधक नेमले ते ठीक, पण नांगर आणि बांगडी काढणाऱ्या हातात बोरू द्यायचं राहूनच गेलं. आमच्या गटात ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय वहीत कुणाची सही घेत नाहीत, ते याच कारणानं.

ताईंचा कागद आम्हांला चार महिन्यांनी लागला, तोही पुरता नाही. शके 1795, म्हणजे 1873 साल, सुप्याच्या दोन वर्षं आधीचं. गहाणखत आहे. 'मौजे'पुढे गावाचं नाव, मग खापरपणजीचं नाव, 'कोम', आणि तळाशी बांगडी. वेडीवाकडी, नीट न मिटलेली. ताईंच्या सासरी आजवर सांगत आले की या बाईनं रान घालवलं. कागदात लिहिलंय की नवरा मयत, त्याच्या जुन्या देण्यापोटी रान गहाण. कर्ज तिचं नव्हतंच. ताई त्या दिवशी बैठकीत काही बोलल्या नाहीत. घरी गेल्या आणि तेवढा भाग मालकांना आणि दिरांना वाचून दाखवला, एकदा नाही, दोनदा.

कागदाच्या पाठीवर आणखी दोन ओळी आहेत. देणं फिटल्याच्या असाव्यात असं गुरुजींना वाटतं, पण नेमकी तिथेच घडी फाटली आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवायला दिवाळीनंतर पाच जणी जाणार आहोत. तोवर ताई त्या दोन ओळींतली दिसतात तेवढी अक्षरं रोज सकाळी कित्त्यासारखी गिरवतात.