स्वतःचाच प्रबंध वाचायला मनाई

१९४३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड बोम नावाचा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी पीएचडी संपवत आला होता. प्रोटॉन आणि ड्यूटेरॉन एकमेकांवर आदळले की कसे विखुरतात, याची गणितं त्याने केली होती. ही गणितं अणुबॉम्बच्या प्रकल्पाला उपयोगी पडतील असं लक्षात आलं आणि ती लगेच गोपनीय ठरली. गोपनीय कागद बघायचा तर सरकारची सुरक्षा मंजुरी लागते. बोमकडे ती नव्हती. परिणाम असा की त्याला स्वतःचाच प्रबंध लिहिता येईना, मग परीक्षकांसमोर मांडणं तर लांबच. शेवटी त्याच्या गाईडने, संशोधन पुरं झालं आहे अशी हमी विद्यापीठाला दिली आणि त्या शब्दावर बोमला डॉक्टरेट मिळाली.

गाईडचं नाव रॉबर्ट ओपेनहायमर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आपणच लिहिलेल्या कोडचा अ‍ॅक्सेस टीम बदलल्यावर आपल्यालाच मिळेनासा होतो, हा अनुभव माझ्या बहुतेक मित्रांना आहे. त्यामुळे बोमची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं. पुढचं वाचत गेलो तसं ते ओसरलं, कारण बोमला अ‍ॅक्सेस नाकारणारी यंत्रणा त्याच वेळी त्याच्या गाईडलाही ताटकळत ठेवत होती. त्या दोन ताटकळण्यांचं पुढे काय झालं, ते लिहायचं म्हणून हा लेख.

ओपेनहायमरची निवड १९४२ च्या शरद ऋतूतली. १९४३ च्या मार्चमध्ये तो न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसच्या पठारावर राहायला गेला, एप्रिलमध्ये तिथे शास्त्रज्ञांसाठी व्याख्यानं सुरू झाली, देशभरातून माणसं गोळा होऊ लागली. आणि या सगळ्याच्या प्रमुखाची स्वतःची सुरक्षा मंजुरी मात्र अजून यायची होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्याची फाईल जाड होती. बायको पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होती, भाऊ होता, वहिनी होती, आणि तो स्वतः तीसच्या दशकात डाव्यांच्या अनेक कामांना पैसे देत होता. जूनमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला जीन टॅटलॉक या जुन्या मैत्रिणीकडे एक रात्र राहिला. तीही कम्युनिस्ट पक्षात राहिलेली. लष्करी गुप्तचर बाहेर पाळतीवर होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतिगुप्तचर विभागाचा प्रमुख बोरिस पॅश याने जूनअखेर शिफारस केली की या माणसाला प्रकल्पावर ठेवू नये.

२० जुलै १९४३ रोजी जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी लेखी हुकूम काढला. मजकूर छोटा आहे. तुमच्याकडे या माणसाविषयी जी काही माहिती असेल ती असो, त्याला विलंब न लावता मंजुरी द्या, तो प्रकल्पासाठी अत्यावश्यक आहे, असा त्याचा आशय.

हा हुकूम नीट वाचण्यासारखा आहे. माहिती खोटी निघाली, असं ग्रोव्ह्ज कुठेही म्हणत नाहीत. तपास पुरा झाला असंही नाही. शंका जिथे होती तिथेच आहे, फाईलमध्ये. फक्त गरज मोठी होती म्हणून फाईल तात्पुरती बाजूला सरकवली. आपल्याला वाटतं की मंजुरी मिळाली म्हणजे कुणीतरी आपल्याला तपासून स्वच्छ ठरवलं. ओपेनहायमरला तसं कुणी ठरवलं नव्हतं.

बोम असा अत्यावश्यक नव्हता. ओपेनहायमरने त्याला लॉस अलामॉसला मागितलं, लष्कराने नकार दिला. कारण असं पुढे करण्यात आलं की त्याचे नातेवाईक नाझी राजवटीखाली अडकले आहेत, त्यांच्यामार्फत त्याच्यावर दबाव येऊ शकतो. खरं कारण त्याचं राजकारण आणि त्याचे मित्र हे होतं. १९४२ च्या शेवटी तो कम्युनिस्ट पक्षात गेला होता. तिथल्या बैठका कंटाळवाण्या वाटून काही महिन्यांत बाहेरही पडला. गंमत म्हणजे युद्धाच्या काळात तो बर्कलीतच राहून ज्या प्लाझ्मावर काम करत होता तेही युरेनियम वेगळं करण्याच्या यंत्रांसाठीच होतं. म्हणजे प्रकल्पाला त्याचं डोकं चालत होतं, तो चालत नव्हता.

त्याचा मित्र रॉसी लोमनिट्झ, ओपेनहायमरचाच विद्यार्थी, ‘ओपेनहायमर’ सिनेमात ओझरता दिसतो. त्याच्या बाबतीत तर नकार वगैरेही द्यावा लागला नाही. शास्त्रीय कामासाठी सैन्यभरतीतून मिळालेली सवलत १९४३ च्या उन्हाळ्यात काढून घेतली आणि त्याला सरळ सैन्यात पाठवलं.

इथे थोडं माझं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला एका सरकारी खात्याचा प्रकल्प मिळाला. टीममधल्या प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी. साक्षांकन नमुन्यात मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते लिहायचे असतात. माझे तीन: सांगलीचं हॉस्टेल, कोथरूडचा फ्लॅट, वाकडचा फ्लॅट. कोथरूड पुणे पोलीस आयुक्तालयात येतं, वाकड २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, आणि सांगलीचे जिल्हा पोलीस वेगळेच. आपल्याला एका शहरातून दुसरीकडे जायला फार तर टेम्पो लागतो. फाईलला तीन ठिकाणचे जावक क्रमांक लागतात. कोथरूडच्या घरमालक काकांचा फोन आला, “अरे, हवालदार येऊन गेले, तुझ्याबद्दल विचारत होते. काही केलंस का रे?” नाही म्हणून सांगितलं, तरी पुढच्या वेळी भेटल्यावर ते जरा जपूनच बोलले. चार महिने मी नुसता बसून ट्रेनिंगचे व्हिडिओ पाहिले. आमच्या आर्किटेक्टने माझ्यानंतर तीन आठवड्यांनी फॉर्म भरला आणि तो माझ्याआधी कामाला लागला. त्याच्याशिवाय डिझाईन पुढे सरकत नव्हतं, म्हणून वरून कुणीतरी फोन केला होता. तेव्हा राग आला होता. ग्रोव्ह्जचा हुकूम वाचल्यावर कळलं की ही पद्धत जुनी आहे.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत या सगळ्याला कायम स्वरूप आलं. माझ्यासारख्याला त्यातली सर्वांत रोचक गोष्ट म्हणजे नियमातले शब्द कसे बदलत गेले. मार्च १९४७ मध्ये ट्रूमनने काढलेल्या आदेशानुसार कर्मचाऱ्याला काढायचं तर तो देशाशी बेइमान आहे असं मानायला सबळ कारण लागायचं. एप्रिल १९५१ मध्ये दुरुस्ती झाली: निष्ठेबद्दल रास्त शंका असली तरी पुरे. एप्रिल १९५३ मध्ये आयसेनहॉवरने नवा आदेश काढला: या माणसाला नोकरीत ठेवणं राष्ट्रीय सुरक्षेशी स्पष्टपणे सुसंगत आहे असं दिसलं पाहिजे. सहा वर्षांत गणित पूर्ण उलटं झालं. फायरवॉल लावणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. आधी सगळं चालू, संशयास्पद तेवढं बंद. नंतर सगळं बंद, सिद्ध झालं तेवढं चालू. नेटवर्कसाठी दुसरी पद्धत उत्तम आहे. पण पॅकेट अडकलं तर त्याला घरभाडं भरायचं नसतं.

माणसाला ते असतं. विल्यम ग्रीन हा नौदलासाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या एका कंपनीचा जनरल मॅनेजर. पेशाने एरॉनॉटिकल इंजिनिअर. १९५१ मध्ये त्याची मंजुरी नाकारली, १९५२ मध्ये अपिलात परत मिळाली, एप्रिल १९५३ मध्ये पुन्हा काढून घेतली. मंजुरीशिवाय कंपनीत त्याला काहीच काम उरलं नाही. नोकरी गेली, आणि शेवटी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून जुन्या पगाराच्या साधारण चौथाईवर लागावं लागलं. त्याच्याविरुद्ध कोण काय बोललं, हे त्याला कधी दाखवलंच नाही. २९ जून १९५९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की साक्षीदारांना समोर आणू न देणारी अशी पद्धत वापरायचा अधिकार ना संसदेने दिला होता ना अध्यक्षांनी. सहा वर्षं गेली होती.

आपल्याकडे हीच गोष्ट मध्य प्रदेशातल्या एका शाळामास्तरांच्या वाट्याला आली. नगरपालिकेची शाळा १९७१ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि १९७२ मध्ये रमाशंकर रघुवंशी यांना सरकारी सेवेत सामावून घेतलं, पूर्वेतिहासाची पडताळणी होईल या अटीवर. म्हणजे नोकरी होती, पण भिजत घोंगडं. १९७४ च्या नोव्हेंबरात नोकरी संपली. आदेशात कारण नव्हतं. पाठीमागे पोलिसांचा अहवाल होता की ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कामात भाग घेत, म्हणून सरकारी नोकरीला योग्य नाहीत. अमेरिकेत डावे असणं नडत होतं, इथे उजवे असणं. पोलीस अहवालाला रंगाचं विशेष काही नसतं.

ते उच्च न्यायालयात जिंकले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये हरलं. निकाल न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांचा. तो जरूर वाचा; कायद्याची भाषा असूनही त्यातली चीड लपत नाही. सरकारी नोकरी म्हणजे काय स्वर्ग आहे की तिथे फक्त देवदूतांनीच अर्ज करावा, अशा अर्थाचा सवाल त्यांनी केला आहे. अमेरिकेतल्या मॅकार्थी काळाची आठवणही ते काढतात. त्या संघटना तेव्हा कायदेशीर होत्या. मग त्यांच्यात असल्याबद्दल पोलिसांच्या गुप्त अहवालावरून शिक्षकाची भाकरी काढणं घटनेत बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. शाळा गेल्यापासून निकालापर्यंत आठ वर्षं उलटली होती. पडताळणी आपल्याकडे आजही आहे, असावीही. अणुभट्टीत किंवा आधारच्या सर्व्हरजवळ कुणालाही सोडावं असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार मुदतीबद्दल आणि कारणाबद्दल आहे. नाही म्हणायचं तर तारीख घालून, कारण लिहून म्हणा, म्हणजे निदान भांडता येतं. रघुवंशींना भांडता आलं, कारण त्यांच्या हातात आदेश होता.

ओपेनहायमरच्या हातातही कागद पडला, दहा वर्षांनी. २३ डिसेंबर १९५३ च्या पत्राने त्याची मंजुरी स्थगित झाली. पत्रातले बरेचसे आरोप तेच होते जे ग्रोव्ह्जने १९४३ मध्ये बाजूला सरकवले होते. नवा मुद्दा मुख्यतः हायड्रोजन बॉम्बला त्याने केलेल्या विरोधाचा. बॉम्ब बनून झाला होता, गरज सरो वैद्य मरो. १२ एप्रिल ते ६ मे १९५४ सुनावणी चालली. जुना पॅशही साक्षीला आला. मंडळाने २ विरुद्ध १ असा कौल दिला आणि २९ जूनला अणुऊर्जा आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी मंजुरी नाकारली. सल्लागार म्हणून त्याचा करार दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला संपणार होता. एक दिवस गप्प बसले असते तरी मंजुरी आपोआप संपली असती. गप्प बसायचं नव्हतं.

तोवर त्याच्या विद्यार्थ्यांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. बोम आणि लोमनिट्झ दोघांनाही १९४९ मध्ये संसदीय समितीने चौकशीला बोलावलं. दोघांनी उत्तरं द्यायला नकार दिला. लोमनिट्झची प्राध्यापकी गेली; ओक्लाहोमात तो काही वर्षं रेल्वेच्या रुळांवर मजुरी करत होता. बोमला १९५० च्या डिसेंबरात अटक झाली, १९५१ च्या मेमध्ये तो निर्दोष सुटला, तरी प्रिन्स्टनने त्याचा करार वाढवला नाही. त्या शरदात तो ब्राझीलला साव पावलोला शिकवायला गेला. तिथल्या अमेरिकन वकिलातीने त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला. पुढे इस्रायल, मग इंग्लंड. जिद्दू कृष्णमूर्तींशी त्याचे पंचवीस वर्षं चाललेले संवाद आपल्याकडे अनेकांनी वाचले आहेत. ते १९६१ मध्ये भेटले ते तो इंग्लंडात होता म्हणून.

१६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी १९५४ चा निर्णय रद्द केला. प्रक्रियाच सदोष होती, असं कारण दिलं. ओपेनहायमर जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती. बोम १९९२ मध्ये लंडनमध्ये वारला. त्याच्या मंजुरीवर सुनावणी कधी झालीच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी रद्द करण्याजोगा निकालही कुठे नाही.