आपले पूर्वज आणि गावचे जुने दप्तर

मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली म्हणजे घरोघरी एक प्रश्न हटकून निघतो. देणगी कोणाच्या स्मरणार्थ द्यावयाची? वडिलांचे व आजोबांचे नाव तोंडपाठ असते. पणजोबांपाशी माणूस अडतो, आणि पणजीचे नाव तर घरातील वृद्धांनाही आठवत नाही. ज्यांनी ही शेते वहितीस आणली त्यांची नावे तीन-चार पिढ्यांत विसरली जावीत, ही खेदाची गोष्ट होय. सुदैवाने दप्तरात ती पुष्कळ अंशी शिल्लक असतात.

शोध सातबाऱ्यापासून मागे मागे करीत न्यावा. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला आकडा हा फेरफाराचा क्रमांक असतो. ती नोंद काढली म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे कळते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, तेव्हा खातेदार घराचा माग बहुधा तेथवर तरी लागतो. काहींना आपल्या घराण्यात एखादा सरदार निघावा अशी हौस असते. फेरफारात मात्र बहुतकरून गहाण, कर्ज आणि वाटण्याच निघतात. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या पाठीमागे भाऊ आहेत, पण त्यांची नावे लिहिलेली नाहीत. या अक्षरांचा अर्थ न कळल्यामुळे भावकीत कज्जे झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जेथे ‘अ. पा. क. आई’ असे आढळते, तेथे समजावे की बाप अकाली गेला, पोरे लहान होती आणि त्या माउलीने शेत राखले.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांनी कोतवाल बुक पाहावे. जुना गाव नमुना नंबर १४ तो हाच. जन्म-मृत्यूच्या या नोंदीत पाटलाचे मूल आणि मोलमजुरी करणाऱ्याचे मूल एकाखाली एक येते. बारशापूर्वीच नोंद होत असल्यामुळे पुष्कळदा मुलाचे नाव नसते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. १९१८ सालची पाने वाचवत नाहीत. इन्फ्ल्युएंझाची ती साथ, जिला लोक मानमोडी म्हणत, दसरा-दिवाळीच्या सुमारास खेड्यापाड्यांतून फिरली. मृत्यूच्या कारणापुढे बहुधा ‘ताप’ हा एकच शब्द असतो, आणि कधी एकाच घरातील नावे लागोपाठ येतात. आजोबा मामाकडे का वाढले, याचे उत्तर काही घरांना या पानांतच सापडावे.

त्यामागचे बरेचसे कागद मोडीत आहेत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि वाचणारे कमी होत गेले. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे राज्यात ठिकठिकाणी उघडली गेली, तेव्हा ही उणीव सर्वांच्याच ध्यानात आली. तोवर कागद वाळवी आणि ओल यांच्या स्वाधीन होते. आपल्या घरातील पेटीत एखादा मोडी कागद असल्यास तो रद्दीत घालू नये.

बायकांची नावे शोधावयाची तर नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्या अधिक उपयोगी पडतात. श्राद्धात आई, आजी व पणजी अशा तिघींचा नामोच्चार करावा लागतो, म्हणून यजमान गावाचे व कुळाचे नाव सांगून तीही नावे लिहवीत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये वही काढतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन कुळाच्या पिढ्या सांगत व धान्य घेऊन जात. त्यांच्याजवळही जुन्या नावांचा साठा असे.

येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. त्यामुळे वहीत मिळते ते पणजीचे सासरचे नाव, आणि तिच्या जन्मगावी त्या नावाचा कोणीच जन्मलेला नसतो. तिच्या भावाचे वंशज तेथे नांदत असतील, तर त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागते, की तुमच्या आजोबांच्या आत्याचे नाव काय होते.