‘थाई’ या विशेषणाचा इतिहास : बँकॉकच्या गल्लीतील भोजनगृह

राजधानीचा इतिहास सांगताना राजवाडे, तह आणि सत्तांतरे यांची साक्ष काढण्यात येते; गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भोजनगृहाची साक्ष सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः बँकॉकसारख्या गजबजलेल्या शहराच्या घडणीचा पुरावा अशा ठिकाणी फलकावरील अक्षरांत, पदार्थांच्या नावांत आणि गिऱ्हाइकाच्या हाकेत सुरक्षित राहिला आहे. हे भोजनगृह पाहणाऱ्यास अस्सल थाई व पुरातन भासते. पदार्थांची नावे मात्र निराळी हकिकत सांगतात. तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम घरच्या जेवणाचा विचार करावा. जेवण्याच्या क्रियेस थाई भाषेत ‘किन खाव’, म्हणजे ‘भात खाणे’, असे म्हणतात. भाताखेरीज पानात जे जे येते ते सर्व ‘कप खाव’, म्हणजे ‘भाताबरोबरचे’. मराठीतील ‘तोंडीलावणे’ या शब्दामागेही हीच दृष्टी आहे. भात ज्याचा त्याने वाढून घ्यावा आणि बाकीचे जिन्नस मध्ये ठेवून सर्वांनी वाटून घ्यावेत, अशी ही रीत. ती कुटुंबाची रीत होय. एकट्या माणसाने पैसे देऊन पोट भरण्याची सोय तीत नाही.

ती सोय निर्माण झाली ती परक्या, एकट्या पुरुषांच्या गरजेतून. १७८२ साली पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर राजधानी वसविली, तेव्हा राजवाड्याच्या नियोजित जागी राहणाऱ्या चिनी वस्तीस सांपेंग भागात हलविण्यात आले. १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामचा तांदूळ जगाच्या बाजारासाठी मोकळा झाला. भातगिरण्या आणि धक्के यांवर मजुरांची मागणी वाढली आणि दक्षिण चीनमधून, विशेषतः तेओच्यू भाषा बोलणाऱ्या प्रदेशातून, स्थलांतरितांचा ओघ लागला. १८६१ ते १८६४ या काळात चारोएन क्रुंग हा रस्ता झाला आणि पुढे अशा रस्त्यांच्या कडेने दुकानचाळी उभ्या राहिल्या. खाली चूल व बाके, वर मालकाचे बिऱ्हाड, अशी ही रचना शहरभर पसरली. घरदार मागे ठेवून आलेल्या मजुरास येथे एका वाडग्यात जेवण मिळे.

या घटनेचा ठसा भाषेवर स्पष्ट उमटला आहे. शेवयांसारख्या तांदळाच्या पट्ट्यांस थाई भाषेत ‘क्वैतियाव’ म्हणतात. हा शब्द दक्षिण चिनी बोलींतून आला आहे. ज्या मेजावर तो वाडगा ठेवावयाचा ते ‘तो’ आणि ज्या खुर्चीवर बसावयाचे ती ‘काव-ई’, हे दोन्ही शब्दही मूळचे चिनीच. गिऱ्हाईक चुलीपाशी उभ्या असलेल्या मालकास ‘हिया’, म्हणजे थोरला भाऊ, आणि मालकिणीस ‘चे’, म्हणजे थोरली बहीण, अशी हाक मारते. ही नातीही चिनी घरातूनच थाई बोलण्यात आली आहेत. हत्यारांचेही तसेच. रश्शातील क्वैतियाव काड्यांनी खावयाचा. भात मात्र चमच्याने, आणि काट्याने तो चमच्यात सारावयाचा. काटाचमचा हा पाश्चात्त्य संपर्काचा परिणाम असून त्यापूर्वी भात हातानेच खात असत.

याउलट संस्थेचे औपचारिक नाव पाहिले तर दुसराच थर हाती लागतो. साध्या भोजनगृहास ‘रान आहान’ म्हणतात. ‘रान’ म्हणजे दुकान. माल मांडून बसण्याचा माचा असाही त्याचा एक अर्थ आहे. ‘आहान’ म्हणजे आपला ‘आहार’ होय. थाई उच्चारात शब्दान्ती र किंवा ल टिकत नाही, त्याचा न होतो. म्हणूनच इंग्रजी ‘बिल’देखील तेथे ‘बिन’ होते. मोठ्या भोजनगृहास ‘फत्ताखान’ असा भारदस्त शब्द आहे. पाली ‘भत्त’ आणि ‘आगार’ यांची ही जोडणी. संस्कृत ‘भक्त’, प्राकृत ‘भत्त’, मराठी ‘भात’ ही परंपरा येथील वाचकांस परिचित आहे; तेव्हा ‘फत्ताखान’ म्हणजे शब्दशः भाताचे आगार. गंमत अशी, की हे पाली नाव बहुधा मोठ्या चिनी भोजनगृहांनाच लावलेले आढळते. चूल स्थलांतरिताची आणि फलक पंडिताचा, अशी ही विभागणी आहे.

या दोन थरांमध्ये ‘थाई’ हे विशेषण कोठे येते, हा खरा प्रश्न होय. त्याचे दोन प्रयोग विशेष बोलके आहेत.

पहिला प्रयोग ‘फ्रिक थाई’. ‘फ्रिक’ हा शब्द पूर्वी मिऱ्याचा वाचक होता. १५१० साली गोवा घेणाऱ्या आल्बुकेर्कने १५११ मध्ये मलाक्काहून दुआर्ते फर्नांदिश यास अयुत्थयेच्या दरबारी वकील म्हणून धाडले. पोर्तुगीज व्यापाराबरोबर अमेरिकेतील मिरची या सर्व किनाऱ्यांवर पोहोचली. सयाममध्ये तिने ‘फ्रिक’ हे नावच बळकावले आणि जुन्या मिऱ्यास ‘फ्रिक थाई’, म्हणजे ‘थाई मिरी’, असे विशेषण लावून घ्यावे लागले. मराठीतही ‘मिरी’वरच्या नात्यानेच ‘मिरची’चे नाव पडले, मात्र मराठीने दोन रूपे राखून दोघींचा संसार निराळा ठेवला. येथे ‘थाई’ हे विशेषण हुसकावल्या गेलेल्या जुन्या रहिवाशाची खूण आहे.

दुसरा प्रयोग ‘फत थाई’, म्हणजेच जगभरच्या भोजनगृहांत ‘पॅड थाई’ म्हणून मिळणारा पदार्थ. त्याचे पूर्ण नाव ‘क्वैतियाव फत थाई’, म्हणजे थाई पद्धतीने परतलेला क्वैतियाव. पिबून सोंगक्राम यांच्या राजवटीत १९३९ ते १९४२ या काळात बारा राष्ट्रीय आज्ञापत्रे निघाली. पहिल्याने सयामचे थायलंड केले. पाचव्याने थाई उत्पादनापासून बनलेले अन्नच खाण्याचा आग्रह धरला. युद्धाच्या व १९४२ च्या महापुराच्या अडचणीत सरकारने क्वैतियाव खाण्याची मोहीम चालविली. हेतू दुहेरी होता : स्वस्त व पोषक अन्न मिळावे, आणि चिनी लोकांच्या हातचा हा धंदा थाई लोकांनी करावा. चिंच, माडाचा गूळ, वाळवलेली कोळंबी यांची जोड मिळालेला हा पदार्थ त्याच काळात प्रसार पावला. पुढे वापरात नावातील ‘क्वैतियाव’ हे चिनी नाम गळाले आणि केवळ ‘परतलेले थाई’ उरले. येथे विशेषण जुन्या रहिवाशाचे नसून नव्या नागरिकाचे ओळखपत्र आहे.

तथापि आज्ञापत्राची सत्ता मर्यादित असते. नामाचा लोप झाला तो एका पदार्थापुरता. शेजारच्या हंड्यातील रश्श्यास लोक क्वैतियावच म्हणत राहिले. तो, काव-ई आणि हिया हेही हलले नाहीत.

पुढील थर देशांतर्गत स्थलांतराचा. १९६१ च्या पहिल्या आर्थिक योजनेनंतरच्या दशकांत ईशान्येकडील दरिद्री प्रांतांतून माणसे राजधानीत कामास आली. त्या प्रदेशाचे नावच ‘ईसान’, म्हणजे संस्कृत ‘ईशान’. त्यांच्याबरोबर चिकट भात आणि कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर शहरात आली. स्त्रिया कारखान्यांत व कचेऱ्यांत जाऊ लागल्या, स्वयंपाकघर नसलेल्या खोल्या वाढल्या आणि ‘आहान ताम संग’, म्हणजे सांगाल तसे करून देण्याचे जेवण, गल्लोगल्ली रुजले. तेथील नित्याचा पदार्थ ‘फत कफ्राव’. ‘कफ्राव’ म्हणजे आपली तुळस. वृंदावनातील ही वनस्पती तेथे मिरची-लसणीबरोबर मांसात परतून भातावर घालतात. घरी मध्ये ठेवून वाटून घ्यावयाचे ‘कप खाव’ येथे एकट्याच्या ताटलीत भातावर ओतले गेले. कुटुंबाची रीत मोडून नगराची रीत सिद्ध झाली, ती याच ठिकाणी.

एकंदरीत, ‘थाई’ हे विशेषण मूळ गुणधर्म सांगत नाही. एखाद्या वस्तूच्या मालकीविषयी शंका उत्पन्न झाली की ते प्रकट होते. मलबारात उपजणारे मिरे एका कारणाने थाई ठरले, चिनी पट्ट्या दुसऱ्या कारणाने. ज्या पदार्थांविषयी कोणासच शंका नव्हती, त्या साध्या भातास हे विशेषण कधी लावावे लागले नाही. राष्ट्रीय अन्नाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने म्हणूनच पदार्थाच्या नावात काय आहे यापेक्षा त्यातून काय गळाले आहे, याचा शोध आधी घ्यावा.