बालहृदयाची दुरुस्ती : एका नळीचा इतिहास

हृदय या अवयवास शस्त्र लावू नये, अशी वैद्यांची धारणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दृढ होती. ती मोडणाऱ्यांत जर्मनीतील वर्नर फोर्समान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९२९ साली एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात पंचविशीतील या डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढवून घेतले. वरिष्ठांनी त्या धाडसाची उपेक्षा केली. १९५६ साली मात्र दोन सहकारी संशोधकांसह त्यांस नोबेल पारितोषिक लाभले.

प्रारंभी ही नळी निदानापुरती होती. तिचा उपचारासाठी उपयोग १९६६ साली फिलाडेल्फियाच्या डॉ. विल्यम रॅशकिंड यांनी केला. काही बालकांत हृदयातून निघणाऱ्या दोन प्रमुख रक्तवाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली असते. शुद्ध रक्त फुप्फुसांतच फिरत राहते आणि अंग निळे पडते. रॅशकिंड यांनी नळीच्या टोकाचा फुगा वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यापलीकडे नेऊन फुगवला व झटक्याने मागे ओढून वाट रुंद केली. रक्त मिसळू लागले आणि शस्त्रक्रियेपर्यंत तग धरण्यास बालकास अवधी मिळाला. १९८२ साली डॉ. जीन कान यांनी अशाच फुग्याने फुप्फुसाकडील अरुंद झडप उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

या इतिहासात कापडाचाही वाटा आहे, हे आम्हां व्यापाऱ्यांस सुखावणारे आहे. १९५० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद मायकेल डेबेकी नायलॉन घेण्यास दुकानात गेले असता ते संपले होते. म्हणून त्यांनी डेक्रॉन घेतले व त्याच्या कृत्रिम रक्तवाहिन्या शिवल्या. पुढे मिनेसोटाचे डॉ. कुर्ट अॅम्प्लाट्झ यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेची, दुहेरी बटणासारखी चकती घडविली. ती नळीत मिटते आणि छिद्रापाशी बाहेर येताच मूळ आकार धारण करते. तिच्या आत पॉलिस्टर कापडाचेच तुकडे शिवलेले असतात. काही महिन्यांत शरीराची पेशीजाले तीवर चढतात. अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये तीस मान्यता मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये तर अवघ्या ७०० ग्रॅम वजनाच्या अर्भकाची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बुजविणाऱ्या चिमुकल्या उपकरणासही मान्यता मिळाली.

तथापि, प्रत्येक दोष नळीने दुरुस्त होत नाही. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात, काहींसाठी मूल थोडे मोठे होईपर्यंत थांबतात, तर गुंतागुंतीच्या दोषांस छाती उघडून शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. हा निर्णय तज्ज्ञांचाच. महाराष्ट्रात या क्षेत्रात मुंबईच्या डॉ. भरत दळवी यांचे नाव आदराने घेतले जाते.

यवतमाळकरांची अडचण शास्त्राची नव्हती. अंतराची व पैशाची होती. मोठ्या लोहमार्गासाठी येथील लोकांस धामणगाव गाठावे लागे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली आले, तरी बालहृदयाच्या अशा उपचारासाठी नागपूर-मुंबईकडेच पाहावे लागे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती व गडचिरोली होते, यवतमाळ नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन बालकांची तपासणी करतात. जन्मजात हृदयदोषही त्या तपासणीत येतात.

दर हजार नवजातांमागे सुमारे आठ-नऊ बालकांस असा दोष असतो. म्हणजे तो कोणाच्याही घरी येऊ शकतो. दूध पिताना बाळास घाम येणे, धाप लागणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, ओठ-नखे निळसर दिसणे, ही लक्षणे दृष्ट लागल्याची नव्हेत. ‘मोठेपणी बरे होईल’ म्हणून काळ दवडल्यास काही दोषांत फुप्फुसांचा रक्तदाब इतका वाढतो की पुढे छिद्र बुजविणेही धोक्याचे ठरते. घरी येणाऱ्या आशा सेविकेस विचारण्यात, मुलीच्या विवाहाच्या चिंतेपायी तिचा आजार न झाकण्यात संकोच कसला? फोर्समान यांनी स्वतःच्या देहावर जी वाट पाडली, ती आता पांढरकवडा-उमरखेडच्या पाळण्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. तिच्यावर वेळेत पाऊल टाकणे एवढेच आपल्या हाती आहे.