वनबाग, नागरी

वनबाग, नागरी : शहरात किंवा शहरालगत, घराच्या, संस्थेच्या वा सार्वजनिक मालकीच्या जागेत वनाच्या रचनेचे अनुकरण करून लावलेली, मुख्यतः बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणाऱ्या) खाद्य वनस्पतींची बाग. तीत वृक्ष, झुडपे, वेली, पालेभाज्या व कंद एकाच भूमीवर निरनिराळ्या उंचीवर वाढतात आणि वर्षभर थोडेथोडे अन्न देतात. दरवर्षी नांगरणी व पेरणी करावी लागत नाही, हे तिचे भाजीच्या मळ्याहून वेगळेपण होय. तर फळबागेप्रमाणे एकाच जातीच्या झाडांच्या ओळी तीत नसतात. अलीकडे शहरांतून लावली जाणारी मियावाकी पद्धतीची दाट वने हा निराळा प्रकार असून त्यांचा हेतू अन्नोत्पादन हा नसतो. ‘वनबाग’ या अर्थाची संज्ञा पाश्चात्त्य देशांत १९८० नंतर रूढ झाली. तथापि ही प्रथा उष्ण कटिबंधात फार जुनी आहे. तिचा इतिहास जितका बागेचा, तितकाच स्वयंपाकघराचाही आहे. बहुवर्षायू वनस्पतींपैकी अनेकींची पाने, कंद वा कोंब योग्य संस्कारांवाचून खाता येत नाहीत. त्यामुळे जेथे हे संस्कार विस्मृतीत गेले, तेथे झाड उभे असूनही त्यापासून मिळणारे अन्न नाहीसे झाले.

रचना : वनबागेचे सामान्यतः सात स्तर मानतात : उंच वृक्ष, लहान वृक्ष, झुडपे, ओषधी, जमिनीवर पसरणाऱ्या वनस्पती, कंद आणि वेली. कोकणातील परसात नारळ व फणस हे पहिल्या स्तरात, कोकम व शेवगा दुसऱ्यात, कढीलिंब व करवंद तिसऱ्यात, अळू व हळद चौथ्यात, ब्राह्मी पाचव्यात, सुरण व कोनफळ सहाव्यात, तर तोंडली, मायाळू व मिरी सातव्या स्तरात मोडतात. उष्ण कटिबंधात सूर्य माथ्यावर असल्याने उंच झाडांच्या पानांतून खालपर्यंत पुरेसा प्रकाश झिरपतो. समशीतोष्ण प्रदेशात सूर्यकिरण तिरपे येत असल्यामुळे तेथे झाडांमधील अंतर बरेच अधिक ठेवावे लागते. गळलेल्या पाल्याचे आच्छादन ओल टिकविते व कुजून खत होते. हादग्यासारखी शिंबावंत झाडे हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर करतात. न्हाणीचे व मोरीचे पाणी केळी-अळूच्या आळ्यात सोडण्याच्या जुन्या प्रथेने पाण्याचा प्रश्नही परस्पर सुटे. झाडांची निवड करताना कोकम व करटोली यांसारख्या वनस्पतींत नर व मादी वेगळी असतात, हे ध्यानात घ्यावे लागते. लहान बागेत एकच झाड लावल्यास फळ न मिळण्याचा संभव असतो.

पूर्वपरंपरा : जावा बेटातील ‘पेकारांगन’, श्रीलंकेतील कँडी भागातील बागा, केरळमधील घराभोवतीची परसे व किलिमांजारोच्या उतारावरील चागा लोकांच्या केळीच्या बागा ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे होत. जावातील बागांचा अभ्यास बांडुंग येथील पाजाजारान विद्यापीठात ओटो सुमारवोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतर केला. शहराची बाजारपेठ जवळ आली, की बागेत विक्रीयोग्य अशा मोजक्याच जाती उरतात व विविधता घटते, ही त्यांनी नोंदविलेली प्रवृत्ती अन्यत्रही आढळते. गोव्यातील ‘कुळागर’ ही याच कुळातील रचना होय. डोंगरपायथ्याच्या झऱ्याचे पाणी पाटाने फिरवून तेथे पोफळी, माड व केळी लावतात. पोफळींवर मिरीचे वेल चढवितात आणि मोकळ्या जागी नीरफणस, जायफळ, कोकम व अननस यांची लागवड करतात. कोकणातील ‘आगर’ व ‘परडे’ आणि वसईतील ‘वाडी’ यांतही नारळ, केळी व पानवेल यांची अशीच सांगड असते.

मुंबईतील वाड्या : आजच्या मुंबईची भूमी एकेकाळी बव्हंशी माडांच्या बागांनी व्यापलेली होती. पोर्तुगीज ‘ओर्ता’ (बाग) या शब्दावरून इंग्रजी अमदानीत या बागांना ‘ओर्त’ म्हणत. पोर्तुगीजांकडून मुंबई बेट खंडाने घेतलेला वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तेथील स्वतःच्या बागेतील, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख केला आहे. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज प्रवासी मुंबईच्या रोगट हवेचा दोष या खताला देत. माडी काढण्याचा धंदा प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. गिरगावातील फणसवाडी, आंबेवाडी व केळेवाडी ही नावे त्या काळाची आठवण देतात; चिंचपोकळी व ताडदेव या नावांतही झाडेच आहेत.

१८५४ नंतर कापडगिरण्या वाढल्या, जमिनीचे मोल चढले आणि वाड्यांतून चाळी उठल्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून रस्ते काढले व दादर-माटुंग्याकडील शेते व बागा यांवर नव्या वसाहती आखल्या. वाडीतील विहीर व काही माड काही काळ राहिले. परंतु त्यांखालचे अळू, हळद, कंद व वेल यांचे स्तर प्रथम नष्ट झाले. चाळीतील कुटुंबाला भाजी मंडईत मिळू लागली आणि मंडईत मुख्यतः टिकाऊ व वाहतुकीस सोयीचा मालच येई. शहराच्या उत्तरेस वसईच्या वाड्या अधिक काळ टिकल्या. तेथे राजेळी केळी सुकवून ‘सुकेळी’ करण्याचा धंदा प्रसिद्ध आहे. नागरीकरणाच्या रेट्यापासून त्या भागाचे रक्षण करण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी होते.

समशीतोष्ण प्रदेशातील पुनरुज्जीवन : इंग्लंडमधील रॉबर्ट हार्ट (१९१३–२०००) यांना आधुनिक वनबागेचे प्रवर्तक मानतात. १९६० च्या सुमारास ते श्रॉपशरमधील वेन्लॉक एज येथे राहावयास गेले. जपानी समाजसुधारक तोयोहिको कागावा यांची वृक्षशेतीची कल्पना, केरळमधील परसबागा आणि गांधीजींचे विचार यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९७६ मध्ये जे. शोल्टो डग्लस यांच्यासह त्यांनी वृक्षशेतीवरील ग्रंथ लिहिला. पुढे सफरचंद व नासपती यांच्या जुन्या लहान बागेत सु. ५०० चौ. मी. क्षेत्रावर त्यांनी आपली वनबाग उभी केली. सात स्तरांची मांडणी त्यांचीच होय. त्यांच्या १९९१ मधील ग्रंथामुळे या कल्पनेचा प्रसार झाला. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ मध्ये ‘पर्माकल्चर’ (शाश्वत शेती-संस्कृती) ही विचारसरणी मांडली होती; तीत वनबागेला महत्त्वाचे स्थान मिळाले.

मार्टिन क्रॉफर्ड यांनी १९९४ पासून डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन येथे सु. दोन एकरांवर वनबाग वाढविली. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील होल्योक या जुन्या औद्योगिक शहरात एरिक टोन्समायर व जोनाथन बेट्स यांनी २००४ पासून सु. दशांश एकराच्या, दगडविटांनी भरलेल्या निकृष्ट जमिनीवर बहुवर्षायू खाद्य वनस्पतींची बाग केली. सिॲटल येथे पाणीपुरवठा खात्याच्या मालकीच्या जमिनीवर २०१२ मध्ये ‘बीकन फूड फॉरेस्ट’ या सार्वजनिक वनबागेचे काम सुरू झाले. तिचे नियोजित क्षेत्र सु. सात एकर असून तेथील फळे-भाज्या कोणालाही तोडून नेता येतात.

या प्रयोगांत एक अडचण लवकरच प्रत्ययास आली. टिलिया वृक्षाची कोवळी पाने, होस्टाचे कोंब, रानलसणीची पाने किंवा सूर्यफुलाच्या कुळातील जेरूसलेम आर्टिचोकचे कंद बागेत विपुल येत. पण ते ताटात कसे आणावयाचे, हे बहुतेकांना माहीत नव्हते. हार्ट स्वतः बहुतांशी कच्चा आहार घेत, त्यामुळे त्यांच्यापुढे हा प्रश्न सौम्य होता. क्रॉफर्ड यांनी २०१३ मध्ये कॅरोलाइन एटकेन यांच्यासह केवळ वनबागेतील पदार्थांच्या पाककृतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच गरजेतून. अपुऱ्या माहितीचे परिणाम गंभीर होऊ शकतात, हे ब्रिटनने पूर्वीच अनुभवले होते. ऱ्हुबार्बचे देठ साखर घालून शिजवून खातात, पाने मात्र विषारी असतात; पहिल्या महायुद्धातील टंचाईत ही पाने भाजी म्हणून खाण्याची शिफारस करण्यात आली आणि त्यातून विषबाधा झाल्या.

पाकसंस्कार : महाराष्ट्र व गोवा येथील पाकपरंपरेत असे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेले आहेत. अळू व सुरण यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांमुळे घसा खवखवतो. म्हणून हे पदार्थ चांगले शिजवितात व त्यांत चिंच, कोकम किंवा आंबटचुका घालतात. अळूचे फतफते करताना हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळा व गूळ यांची जोड देतात, वडीसाठी अळूची वेगळी जात वापरतात [→ अळू, सुरण]. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारी शेवळे अधिक खाजरी असतात. त्यांतील पिवळा भाग काढून टाकून ती काकड या झाडाच्या आंबट फळांसह शिजवितात. ठाणे-रायगडकडे तीत सुकी कोलंबी (सोडे) घालण्याचा प्रघात आहे. केळफुलातील प्रत्येक फुलाचा ताठ केसर व पारदर्शक पापुद्रा काढून ते बारीक चिरतात, तुरटपणा जाण्यासाठी रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवतात आणि हरभरे वा काळे वाटाणे घालून भाजी करतात. कडू करांदे राखेच्या पाण्यात उकडतात. नीरफणसाचे काप तळतात, हादग्याच्या फुलांची भाजी करतात, शेवग्याच्या शेंगा आमटीत व पाला भाजीत घालतात. कोकमाच्या साली पुन:पुन्हा त्याच फळाच्या रसात भिजवून व वाळवून आमसुले करतात. गोव्यात माडाच्या सुरेने पाव व सांदणे यांचे पीठ फुगवीत.

या कृतींपैकी कोणता भाग टाकावयाचा, किती वेळ भिजवावयाचे व कोणते आंबट घालावयाचे, हा तपशील मुख्यतः स्त्रियांच्या तोंडी परंपरेने चालत आला. त्यातील फारच थोडा लिहिला गेला. परसू गेले, की एका पिढीत शेवळे ओळखणारे डोळे व ती निवडणारे हात कमी होतात. नंतर तीच वनस्पती ‘रान’ ठरून उपटली जाते.

महाराष्ट्रातील प्रयत्न व मर्यादा : कोल्हापूर येथील श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे पाल्यापाचोळ्याचे पुनर्चक्रण व सूर्यप्रकाशाचा पुरेपूर उपयोग यांवर आधारलेली, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा भागविण्याची कल्पना मांडली. तिचा प्रभाव शहरांतील गच्चीवरील बागांवरही पडला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथीलच ओल्या कचऱ्याचे खत करून फळझाडे व भाज्या वाढविण्यात आल्या. स्वयंपाकघर व बाग यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडणारा हा लक्षणीय प्रयोग होय.

नागरी वनबागेला काही निश्चित मर्यादा आहेत. तिच्यातून धान्याची गरज भागत नाही. वृक्ष फळण्यास अनेक वर्षे लागतात. गच्चीवर मातीचे व पाण्याचे वजन इमारतीस पेलले पाहिजे. शहरी मातीत जुना रंग व पूर्वीचे शिसेयुक्त पेट्रोल यांतून आलेले शिसे असू शकते. ते फळांपेक्षा पालेभाज्या व कंद यांबरोबर अधिक प्रमाणात पोटात जाते; म्हणून लागवडीपूर्वी मातीची तपासणी आवश्यक ठरते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ मध्ये झाला. त्याने वृक्षतोडीवर नियंत्रण आले. पण वृक्षाखालील अळू, करांदे वा शेवळे यांना कोणतेही कायदेशीर स्थान नाही. त्यांचे रक्षण त्यांच्या वापरावरच अवलंबून आहे. ज्या वस्तीत फणसाची कुयरी चिरणारे, केळफूल निवडणारे व अळू शिजविणारे लोक आहेत, तेथे थोड्याशा जागेतही या वनस्पती टिकून राहिल्याचे दिसते.